एक जूनचा नवरा

माझ्या नवऱ्याचा वाढदिवस एक जूनला असतो, म्हणजे कागदावर असतो. बहारीनमधल्या आपल्याकडच्या पन्नाशीच्या आसपासच्या माणसांचे पासपोर्ट उघडून बघा, निम्मे तरी एक जूनचे निघतील. गावाकडे आईबापांना तारीख ठाऊक नसायची, शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि मास्तर हिशेबाला सोपी म्हणून तीच तारीख टाकून मोकळे व्हायचे. नवऱ्याच्या कंपनीत एचआरला नवीन आलेल्या फिलिपिनो मुलीने एक जूनच्या यादीत अकरा नावं पाहिली आणि बिचारीला वाटलं कॉम्प्युटर बिघडला. शेवटी तिने एकच केक आणला आणि अकरा बाप्यांनी तो एकाच सुरीने कापला. "आमचा सामुदायिक वाढदिवस झाला गो," असं नवऱ्याने घरी येऊन सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसले होते.

हसायला नको होतं. निदान माझ्यासारख्या बाईने तरी.

मी एका बांधकाम कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. इमारतीचे नकाशे सारखे बदलत असतात, आणि साइटवर चुकून जुना नकाशा गेला की भिंत भलत्या जागी उभी राहते. तसं होऊ न देणं हे माझं काम. कुठलाही कागद हातात आला की माझी नजर आधी कोपऱ्यातल्या तारखेवर जाते, मजकूर नंतर. इंजिनिअर लोक मला पाठीमागे सीआयडी म्हणतात हे मला माहीत आहे. थोडक्यात, संशय घेण्याचाच मला पगार मिळतो. आणि अशा बाईच्या इथल्या हूरा भागातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एक खोटी तारीख सात वर्षं सुखाने नांदत होती.

तारीख खोटी आहे हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. नवरा खरा जन्मला नारळी पौर्णिमेला. त्याची बहीण दर वर्षी त्या दिवशी रत्नागिरीहून व्हिडिओ कॉल करून आधी राखीचं बोलायची आणि मग वाढदिवसाचं. म्हणून दिवस खोटा, हे मी मान्य करून टाकलं होतं. साल मात्र खरं असणार, असं मी धरून चालले. का धरलं? कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. नकाशाचा एक आकडा चुकीचा सापडला तर मी बाकीचे सगळे आकडे तपासते, पण नवऱ्याच्या बाबतीत मी एक आकडा चुकीचा पाहूनही बाकीच्यांवर डोळे झाकून सही केली.

आमचं लग्न ठरलं तेव्हा मी एकोणतीसची होते आणि तो कागदावर एकोणचाळीसचा. चिंचवडच्या आमच्या घरात दहा वर्षांच्या फरकावर बरीच धुसफूस झाली होती. बाबा म्हणाले, "दहा म्हणजे फार होतात." आई म्हणाली, "मुलीचं वय बघा आणि मग बोला." शेवटी आईचं चाललं. 'अहो' म्हणायचं हेही आईनेच ठरवलं, कारण इतक्या मोठ्या माणसाला अरेतुरे बरं दिसत नाही. मी सहा महिन्यांत बहारीनला आले. माणूस शांत होता, कामसू होता, मोठमोठ्या इमारतींच्या एसीची देखभाल बघायचा, आणि शुक्रवारी स्वतः मासे आणून स्वतः साफ करायचा. मला तो आवडला, हे इथे सांगून ठेवते, नाहीतर पुढचं सगळं वाचून वाटेल की मी पहिल्यापासून दात धरून बसले होते.

मूल होईना. पाच वर्षं आम्ही वाट पाहिली, मग एका दवाखान्यात जाऊ लागलो. डॉक्टरबाई इजिप्तच्या होत्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून बोलणाऱ्या. त्यांनी माझं वय पाहिलं, माझी रक्ततपासणी केली, माझी सोनोग्राफी केली, मला इंजेक्शनं लिहून दिली. नवऱ्याचा एकदा नमुना घेतला, बीजांची संख्या ठीक निघाली, आणि तो सुटला. पुढची दोन वर्षं तो माझी पर्स धरून बाहेर बसायचा.

पोटात टोचून टोचून माझ्या बेंबीभोवती निळे डाग पडले होते. प्रयोगशाळेत आमचे गर्भ तयार व्हायचे, त्यांना सगळे एम्ब्रियो म्हणतात, मीही तेच म्हणते. तीन दिवस ते झकास वाढायचे आणि नंतर बहुतेक सगळे रेंगाळायचे. पहिल्या खेपेला काही राहिलं नाही. दुसऱ्या खेपेला राहिलं, आठव्या आठवड्यात ठोके थांबले. त्या वेळी आईने फोनवर मला जे म्हटलं ते मी अजून विसरलेले नाही. ती म्हणाली, "तेव्हाच लवकर लग्न केलं असतंस तर." नणंद काही बोलली नाही, पण तिने पाठवलेल्या सुक्या औषधी पाल्याच्या पुडीवर 'वहिनीसाठी' असं लिहिलं होतं. दादासाठी काहीच नव्हतं. मी स्वतःही स्वतःला दोषी धरून बसले होते. एकदा ऑफिसच्या बाथरूममध्ये आरशात बघून मी स्वतःच्या शरीराला उद्देशून एक फार घाणेरडी शिवी दिली.

आमचा एकच एम्ब्रियो गोठवून ठेवलेला उरला होता. तो माझ्या गर्भाशयात ठेवण्याआधी डॉक्टरबाई म्हणाल्या की या वेळी नवऱ्याची एक वेगळी तपासणी करू. बीजं किती आहेत ते मागे पाहिलं होतं, आता त्यांच्या आतल्या डीएनएची तुटफूट किती आहे ते बघायचं. रिपोर्ट आला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि चष्म्यावरून नवऱ्याकडे पाहिलं.

"तुमचं वय सेहेचाळीस?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"येस मॅडम, कार्डावर आहे तेच," नवरा म्हणाला. कार्ड म्हणजे सीपीआर, बहारीनचं सरकारी ओळखपत्र.

मी तेव्हा या उत्तराकडे लक्ष दिलं नाही. आता आठवलं की कान गरम होतात.

"मला याहून बरा रिपोर्ट अपेक्षित होता," त्या म्हणाल्या. "सिगरेट? शिशा-हुक्का? कामावर फार उष्णता? एवढ्यात मोठा ताप आला होता?" नवरा प्रत्येकाला नाही म्हणत गेला, उष्णतेला फक्त हो म्हणाला, कारण बहारीनमध्ये गच्चीवरच्या एसीच्या चिलरजवळ काम करणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणता येणार. मग डॉक्टरबाईंनी मला समजावून सांगितलं. बाईच्या वयाबद्दल सगळं जग बोलतं. पुरुषाचं बी रोज नवं तयार होतं म्हणून लोकांना वाटतं की ते कायम तरुण राहतं. पण ते जुन्यावरून काढलेल्या नकलेची नक्कल असतं आणि वर्षं जातील तशा त्यात चुका साठत जातात. चाळिशी ओलांडली की हळूहळू फरक पडू लागतो, गर्भ राहायला वेळ लागू शकतो, राहिलेला पडण्याची शक्यता थोडी वाढते. आईच्या वयाइतका तो फरक ठळक नसतो, आणि एखाद्या जोडप्याच्या बाबतीत बोट ठेवून दाखवता येत नाही, पण असतो.

नकलेची नक्कल म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको होतं. घरी येताना गाडीत माझ्या डोक्यात एकच वाक्य घोळत होतं. याहून बरा रिपोर्ट अपेक्षित होता. म्हणजे हा काहीतरी लपवतोय.

माझा पहिला संशय शिशावर गेला. दर गुरुवारी संध्याकाळी नवरा हमद टाउनला त्याच्या गाववाल्या मित्राकडे कॅरम खेळायला जायचा. हमद टाउन म्हणजे राउंडअबाउटचं, म्हणजे गोल चौकांचं गाव, कुठल्या नंबरच्या राउंडअबाउटजवळ शिशाचं दुकान आहे ते गूगलवर बघायला मला दोन मिनिटं लागली. पुढचे तीन गुरुवार मी त्याचे शर्ट वॉशिंग मशीनमध्ये टाकण्याआधी हुंगले. पावडर, घाम आणि तळलेल्या मांदेलीचा वास. गाडीचा ग्लोव्ह बॉक्स उघडला, त्यात खोबरेल तेलाची बाटली आणि पार्किंगच्या पावत्या. मोबाइल त्याने कधी लपवलाच नव्हता, त्यामुळे तो तपासण्यात मजाही नव्हती. मला लाज वाटत होती आणि मी थांबतही नव्हते. एवढा स्वच्छ माणूस असूच शकत नाही, हा माझा नवा संशय.

आणि मग नणंदेचा पासपोर्ट आला.

एम्ब्रियो ठेवल्यावर मला मदत म्हणून ती महिनाभर येणार होती. तिच्या व्हिजिट व्हिसाचा फॉर्म मीच भरत होते, तिच्या मुलाने पासपोर्टचा फोटो पाठवला. जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसच्या टेबलावर, एका हाताने पोळीचा रोल खात मी तारीख टाइप केली. टाइप केली आणि रोल खाली ठेवला. नणंद अठ्ठेचाळीसची होती.

माझ्या नवऱ्याला दादा म्हणणारी, राखी बांधून त्याच्या पाया पडणारी त्याची धाकटी बहीण त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी होती.

मी तिला लगेच फोन लावला. म्हटलं, "ताई, तुमची पासपोर्टवरची तारीख बरोबर आहे ना? की एक जूनसारखीच?"

"नाय गो, माजी खरी हाय," ती अभिमानाने म्हणाली. "मी सरकारी दवाखान्यात झालेली. आयशीकडं कागुद होता."

"आणि तुमच्या दादांची?"

पलीकडे तिने उगाच कोंबड्यांना हाकललं. मग ती म्हणाली, "त्याला इचार तू," आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला. शिट्टी मला काही ऐकू आली नव्हती.

नवऱ्याला मी लगेच विचारलं नाही. पुरावा पक्का झाल्याशिवाय समोरच्याला कागद दाखवायचा नाही, ही कामाची सवय. त्या गुरुवारी मी म्हटलं, मीही येते हमद टाउनला. नवऱ्याला आनंद झाला, हे बघून मला आणखी राग आला. मित्राचं घर एका शिंपीकामाच्या दुकानामागे होतं. तो आणि माझा नवरा एका गावचे, एका शाळेचे, पहिलीपासून एका वर्गातले. तो मुसलमान मोहल्ल्यातला, नवरा वरच्या वाडीतला. नवरा पेट्रोल भरायला गेला होता तेवढ्यात मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "भाईजान, शाळेत हे कसे होते हो?"

"हा?" मित्र खूश झाला. "वहिनी, हा नसता तर माझी शाळाच झाली नसती. मधे खाडी होती ना. भरती असली का पोरं घरी. पण हा मला खांद्यावर बसवून पलीकडं न्यायचा. पहिलीत! पाणी याच्या छातीला लागायचं आणि माझे नुसते पाय भिजायचे."

"पहिलीतलं पोर पहिलीतल्या पोराला खांद्यावर घ्यायचं?"

त्याचं हसू जागच्या जागी थांबलं. त्याच्या बायकोने माझ्या बशीत आणखी एक सांजोरी ठेवली आणि म्हणाली, "खावा ना वहिनी." मी ती मुकाट्याने खाल्ली. सांजोरी फार सुरेख झाली होती, पण मला तेव्हा ती गोड लागली नाही.

शुक्रवारी दुपारी नवरा सिंकपाशी सुरमई साफ करत होता. मी फॉर्मचा प्रिंट त्याच्या शेजारी ओट्यावर ठेवला आणि नणंदेच्या तारखेवर बोट ठेवलं. "अहो, तुम्ही खरे किती वर्षांचे?"

त्याने नळ बंद केला. हात पुसले. एवढं सगळं करायला त्याने जेवढा वेळ घेतला तेवढ्यात मी त्याची दोन लग्नं, एक तुरुंगवास आणि दुसऱ्याच कुणाचं तरी नाव अशा सगळ्या शक्यता मनात उभ्या केल्या होत्या. ज्याची वर्षं गायब आहेत, त्याने त्या वर्षांत काय काय केलं असेल कुणाला माहीत.

"एक्कावन्न," तो म्हणाला. "अदमासे. धाकटी बाय झाली तेव्हा मी तिला मांडीवर घेतलेलं मला आठवतं. तीन वर्षांचा तरी असणार."

मग त्याने सांगितलं. वडील होडीवर गेले ते परत आले नाहीत. आईने त्याला मामाकडे ठेवलं. मामाने गुरं दिली राखायला. शाळा त्याच्या वाट्याला आलीच नाही. अकरा वर्षांचा असताना तो पळून आईकडे आला आणि गावातली पोरं शाळेत जाताना दिसली म्हणून त्यांच्या मागे गेला. मास्तरांनी दारात अडवलं. वय विचारलं. हा म्हणाला, ठाऊक नाही. मास्तरांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, अकराचा घोडा मी पहिलीत कसा घेऊ, वर विचारतील. मग रजिस्टर उघडून त्यांनी सहा लिहिलं, एक जून लिहिलं आणि म्हणाले, जा, बस आत.

गोष्ट खरी होती हे मला कळत होतं. तरी माझा राग काही कमी होईना. अकरा वर्षांच्या पोराची दया एका बाजूला आणि माझ्या बेंबीभोवतीचे निळे डाग एका बाजूला.

"आणि लग्नाच्या वेळी? बायोडाटावर एकोणचाळीस कुणी लिहिलं? मास्तरांनी?"

तो प्रिंटवरचा पाण्याचा थेंब पुसत राहिला.

"चव्वेचाळीस सांगितलं असतं तर बाबांनी दारात उभं केलं नसतं, हे माहीत होतं ना तुम्हाला?"

"माहीत होतं," तो म्हणाला. "सगळीकडं तेच वय आहे गो. पासपोर्टवर तेच, सीपीआरवर तेच. एका जाग्यावर खरं सांगायचं आणि दुसरीकडं खोटं, मला भीती वाटते."

"डॉक्टरांना सांगा."

"त्यांच्या कॉम्प्युटरात सीपीआर नंबर आहे. तिकडं एक वय, इकडं दुसरं. उद्या कुणी म्हटलं कागद बोगस, तर व्हिसा खलास, नोकरी खलास. दोघं चिंचवडला जाऊन बसू मग."

ही भीती खरी होती की सोयीची, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. आखातात वीस वर्षं काढलेला माणूस कार्डाला किती घाबरतो ते मी रोज बघते. पण ही भीती त्याला डॉक्टरांच्या खोलीत बरोबर कामाला आली होती, हेही मी पाहिलं होतं. मी म्हटलं, "दोन वर्षं सगळे माझ्याकडे बोट दाखवत होते. तुम्ही पर्स धरून बाहेर बसला होतात. तुम्हाला एकदाही वाटलं नाही?"

"वाटलं," तो म्हणाला. "पण पुरुषाच्या वयानं काय होतं ते मला कुठं ठाऊक होतं? मला त्या दिवशीच कळलं." आणि मग, फार हळू, "तू कधी विचारलं नाहीस. मला कुणी विचारलं असतं तर मी खोटं बोललो नसतो. आतासुद्धा कुणी नीट विचारलं ना, तर सांगीन."

या शेवटच्या वाक्यावर मी तेव्हा काडीचा विश्वास ठेवला नाही. आपण होऊन बोलायचं नाही म्हणून काढलेली पळवाट, असंच मी समजले. सुरमई त्या दिवशी फ्रीजमध्ये गेली आणि आम्ही दहीभात खाल्ला.

पुढच्या आठवड्यात मी डॉक्टरबाईंकडे एकटी गेले. म्हटलं, "समजा, नवरा सेहेचाळीसचा नसून एक्कावन्नचा असता, तर?"

त्यांनी चष्मा काढून ठेवला. "आहे?"

"समजा."

"समजा असता," त्या म्हणाल्या, "तर हा रिपोर्ट बघून मला नवल वाटलं नसतं. ती तपासणी मी दोन वर्षं आधी केली असती. कदाचित त्याने काही बदललं नसतं. पण मी इतके दिवस नुसती तुमच्याच अंड्यांकडे बघत बसले नसते." मग त्यांनी सांगितलं की गोठवलेला एम्ब्रियो तयार आहे, तो आता बदलता येणार नाही, ठेवायचा तर ठेवू. फक्त आपण काय आशा धरतोय ते दोघांनाही ठाऊक असावं. आणि हे समजा-समजा खेळण्यापेक्षा पतीला आत घेऊन या, असं म्हणाल्या. मी ते घरी येऊन शब्दाला शब्द सांगितलं. नवऱ्याने मान हलवली आणि भांडी घासायला घेतली. मला वाटलं, झालं, हा आता जन्मभर सेहेचाळीसचाच राहणार.

त्या एम्ब्रियोचं काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. तो राहिला नाही. बारा दिवसांनी रक्त तपासलं, काही नव्हतं. मी नणंदेच्या मांडीवर डोकं ठेवून खूप रडले आणि तिने पहिल्यांदा मला काही औषध सुचवलं नाही. कुणाच्या वयामुळे, हे डॉक्टरबाईंनी सांगितलं नाही, कारण सांगता येत नाही. आता पुढची खेप करायची की नाही याचा विचार चालू आहे. या वेळी गोळ्यांचं पाकीट नवऱ्याच्याही नावाचं आहे, गच्चीवरचं काम त्याने दुसऱ्याकडे दिलंय, आणि डॉक्टरबाईंच्या खोलीत आमच्या दोघांच्या खुर्च्या असतात. आशा कितपत आहे ते आम्हा दोघांना ठाऊक आहे. आईलाही मी फोनवर एक्कावन्न हा आकडा सांगितला. तिने बाबांना सांगितला की नाही, कळलेलं नाही.

पण मला लिहायचं होतं ते एम्ब्रियो ठेवला त्या सकाळचं.

मी टेबलावर आडवी होते. सोनोग्राफीत नीट दिसावं म्हणून लिटरभर पाणी प्यायला सांगतात आणि बाथरूमला जाऊ देत नाहीत, त्यामुळे माझा जीव नुसता खालीवर होत होता. नवऱ्याला निळा अंगरखा आणि कागदी टोपी घातली होती. भिंतीत एक छोटी खिडकी होती, तिच्या पलीकडे प्रयोगशाळा. कुणाचा एम्ब्रियो कुणाला जाऊ नये म्हणून खिडकी उघडण्याआधी नवरा-बायको दोघांचं नाव आणि जन्मतारीख तोंडाने वदवून घेतात आणि कागदाशी जुळवतात. नियम एकदम बरोबर आहे. मी तिथे कामाला असते तर मीही तोच केला असता.

केरळच्या सिस्टरने मला विचारलं, मी सांगितलं, तिने टिक केलं. मग ती नवऱ्याकडे वळली. "सर, नाम बोलो. और डेट ऑफ बर्थ. ठीक से बोलना."

त्याने नाव सांगितलं. मग माझ्याकडे पाहून कागदी टोपी सरळ केली आणि तो म्हणाला, "नारळी पौर्णिमा."

सिस्टरने कागद पाहिला. "सर?"

"एक जून मास्तर ने लिखा है, सिस्टर. मैं उससे पहले का हूँ. पाँच साल पहले का. साल मेरे को पक्का मालूम नहीं."

सिस्टरने पेन उचललं ते हवेतच राहिलं. खिडकीपलीकडून कुणीतरी इंग्रजीत विचारलं, जुळलं का? सिस्टर म्हणाली, "नो. मॅच नहीं होता." आणि खिडकीची काच, जी बोटभर उघडली होती, ती पुन्हा लागली. आत आमचा शेवटचा एम्ब्रियो गोठवणीतून बाहेर काढून ठेवलेला होता आणि बाहेर माझा नवरा आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत खरं बोलून ताठ उभा होता.

"अहो, आत्ता?" मी ओरडलेच.

"तिनं नीट विचारलं की गो," तो म्हणाला. म्हणजे तो पळवाट काढत नव्हता. त्या दिवशी सिंकपाशी तो मला शब्द देत होता आणि मी तो ओळखला नव्हता.

सिस्टर आता माझ्याजवळ आली होती. तिच्या आवाजात तो संशय होता, जो मी कित्येक महिने अंगावर वागवला होता. "मॅडम, ये कौन है? ये आपका ही हस्बंड है ना? डेट ऑफ बर्थ क्या है इनका?"

न जुळणारा कागद मी आजवर एकदाही पुढे जाऊ दिलेला नाही. मी त्या कागदी टोपीतल्या माणसाकडे पाहिलं. पन्नाशी उलटलेला, कानशिलाशी पिकलेला, दारात अडवलेला.

"एक जून," मी म्हणाले. "वो डर गया है, सिस्टर. एक जूनच लिखो. मेरा ही हस्बंड है. मैं पहचानती हूँ."

तिने टिक केलं. काच सरकली.

नवरा माझ्या उशाशी आला, वाकला आणि कानात म्हणाला, "मास्तरानं पण अस्संच लिवलंन."

"बसा आता," मी म्हटलं, आणि त्याचा हात धरला.